खालच्या ओळीतल्या मुली

कारभारीअण्णांना माणसांचा कंटाळा कसा येत नसे, याचं मला आजही नवल वाटतं. मला तर पाहुणे उठले की हायसं वाटतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून अण्णा रिटायर झाले आणि जेल रोडच्या घरात त्यांनी आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ सुरू केलं. दर रविवारी दारात चपलांचा ढीग. चांदवड, नांदगाव, कुठून कुठून लोक यायचे.

फोटोंचा अल्बम अण्णा कुणाच्या हातात देत नसत. स्वतःच्या मांडीवर घ्यायचे, स्वतः पान उलटायचे. कुणी म्हणालं, "पुढं चला अण्णा, ही नको," की अण्णांचा पारा चढायचा. "नको तर नको, पण बघा तरी! तुमच्यासाठी नवी साडी नेसून बसली होती ती स्टुडिओत." आणि प्रत्येक फोटोमागे एक खरं वाक्य सांगायचे. मुलगी कामसू आहे, पण तोंडाची फटकळ. मुलगा चांगला आहे, गुटखा सोडवावा लागेल. रविवार संपला की शेवटचं पान काढून पहिलं लावायचे, म्हणजे कुणीच कायमचं तळाशी राहायला नको.

त्याच अल्बममध्ये माझी मोठी बहीण होती, प्रतिभा. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा, आणि ताई बालवाडीत शिकवायची. लहानपणी अंगावर चहा सांडला होता, त्याची खूण हनुवटीखाली राहिली होती. आमची आई, नवसाबाई, म्हणाली की फोटो जरा तिरका काढू. अण्णा भडकलेच. "सरळ काढा. दिसू द्या. लपवलं की लोकांना भलतीच शंका येते." मग सरळच काढला. "नवसाबाई, हिचं मी जमवणार, शब्द आहे माझा," असं ते आईला म्हणाले. आमच्या घराला त्या शब्दाचा केवढा आधार वाटायचा, काय सांगू!

अण्णांचा पुतण्या जीवन. पोराचे आईबाप लवकर गेले, अण्णांनीच वाढवला, कॉम्प्युटर शिकवला. २००८ साली त्यानं मंडळाची वेबसाइट काढली. तेव्हाचं नेट म्हणजे एक फोटो उघडेस्तोवर चहा उकळून व्हायचा. जीवननं युक्ती केली. पान उघडलं की वरचे चार फोटो तेवढे यायचे, खालच्यांच्या जागी नुसते राखाडी चौकोन. खाली सरकत गेलं की मग एकेक फोटो भरायचा.

अण्णांना ते पटलं. "म्हणजे पान उलटल्यासारखंच की. पण सगळे दिसतात ना रे?"

"सगळे दिसतात, अण्णा. तुमची शप्पथ."

त्यानं आमच्यासमोर पान तळापर्यंत नेलं. शेवटच्या ओळीत आधी चौकोन आला आणि मग ताईचा चेहरा उमटला. आईनं पडद्यालाच हात जोडले. अण्णांनी अल्बम कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर आमच्याकडं एक फोन आला नाही. एक म्हणजे एक नाही! वरच्या मुलींची लग्नं ठरत गेली, त्यांच्या जागी नव्या मुली वरच येत गेल्या. ताईनं आधी वाट पाहिली, मग आरशासमोर हनुवटीखाली पावडर थापायला लागली, मग आरशात बघणंच सोडलं. आई तिच्यावर उगाच खेकसायची आणि मोरीत जाऊन रडायची. एवढं काय आहे त्या खुणेत, असं मला ओरडून विचारावंसं वाटायचं.

अखेर एका रविवारी आम्ही दोघी बहिणी अण्णांकडं गेलो, तर तिथं चांदवडचे झुंबरमामा बसलेले. भाच्यासाठी मुलगी बघत होते. आमच्यात मुलगा एकटा कुठं ठरवतो? कुणीतरी सायबर कॅफेतून पान छापून आणायचं, आणि मग तो कागद मामा, आत्या, आजोबा असा घरभर फिरणार. कॅफेवाला पान उघडायचा आणि तसंच छापायचा, खाली सरकवतोय कोण! मामांनी तसल्याच कागदाची घडी उलगडली. वर चार हसरे चेहरे. खाली ओळीनं राखाडी चौकोन, एकाखाली प्रतिभाचं नाव.

"अण्णा, या खालच्या पोरींनी फोटो का दिले नाय? काय दोष हाय का?"

"कोण म्हणतं दिले नाहीत?"

"तुमचा जीवनच म्हणला. साइटवर त्याचाच नंबर हाय ना."

अण्णांनी जीवनला हाक मारली. तो आला, कागद पाहिला आणि खांदे उडवले. छापताना खालचे फोटो येत नाहीत, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "ती युक्ती काढून टाकली असती तर साइट रखडली असती. हीच साइट दाखवून मला पुण्यात नोकरी मिळतेय, अण्णा."

"आणि लोकांना काय सांगितलंस?"

"हेच. फोटो दिले नाहीत म्हणून."

"किती जणांना?"

"जो विचारेल त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, आमच्या घरी फराळ खाऊन गेलास! ताईनं वाढला होता तुला!" ताई मात्र शांत होती. ती म्हणाली, "अण्णा, माझं पान काढा. मला आता कुणाला दाखवायचं नाही." अण्णांनी कपाट उघडलं, अल्बममधला फोटो काढून तिच्या हातात दिला. तिच्याकडं बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ताईनं पुन्हा कधी फोटो दिला नाही. वेबसाइट बंद झाली, जीवन पुण्याला गेला.

अल्बम पुन्हा मांडीवर आला. रविवारी चहा करायला मी जाऊ लागले, अण्णांना आता एकट्यानं झेपत नव्हतं. आणि एक दिवस जीवन आला, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःचा फोटो. त्याला लग्न करायचं होतं. मला वाटलं, अण्णा हाकलतील. त्यांनी तो फोटो ताईच्या रिकाम्या पानात सरकवला.

त्याच सकाळी नांदगावचं एक जोडपं मुलीसाठी मुलगा बघायला आलं होतं. पानं उलटत उलटत जीवनचा फोटो आला. बाई खूश झाल्या. "हा तर समोरच बसलाय! तुमच्या घरचाच ना अण्णा? मग विचारायलाच नको." जीवननं कॉलर नीट केली.

"मुलगा हुशार आहे," अण्णा म्हणाले. "पगार चांगला, व्यसन नाही. पण माझी शप्पथ घेऊन मला फसवलंय यानं, आणि पोरींबद्दल खोटं बोललाय. मीच वाढवलाय, म्हणून सांगतो."

आणि त्यांनी पान उलटलं.