ठकीची शुगर

पट्टी बाटलीत बुडवली, बाहेर काढली आणि अर्ध्या मिनिटात तिच्यावरचा एक चौकोन गडद तपकिरी झाला. तो चौकोन साखरेचा. लघवीत साखर नसेल तर त्याचा रंग बदलत नाही.

"काका, ठकीला शुगर दिसतेय," मी म्हणाले.

समोर बबनकाका बसले होते. पासलीहून एसटीनं, दोन गाड्या बदलून भोरला आले होते. ठकी ही त्यांची सात वर्षांची कुत्री. गाडीत बसली की ती ओकायची, म्हणून तिला घरी ठेवून ते फक्त तिची लघवी घेऊन आले होते. फोनवर मीच तसं सांगितलं होतं. "स्वच्छ बाटलीत आणा," इतकंच.

"वाटलंच मला," काका म्हणाले. "सारखं पानी पिती, सारखी मुतती, गळून गेलीया. मला झाली तवा असंच व्हतं बगा."

काकांना स्वतःला डायबेटिस होता. रोज सकाळी ते इन्सुलिन घ्यायचे.

जनावरांच्या या क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. मधल्या वयाची कुत्री, नसबंदीचं ऑपरेशन न झालेली, पाणी जास्त, लघवी जास्त, पट्टीवर साखर. पुस्तकातलं पान उघडून समोर ठेवावं तशी केस. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आतल्या खोलीत सर, आमचे मोठे डॉक्टर, एका मांजराला टाके घालत होते. मी दारातूनच सांगितलं, "सर, डायबेटिस पकडला."

"ब्लड शुगर किती?"

"ब्लड नाही घेतलं. कुत्री पासलीत आहे."

"मग तुझं निदानही पासलीत आहे," सर मान वर न करता म्हणाले. "लघवीवरून संशय घ्यायचा. इन्सुलिन रक्त बघून."

मी बाहेर येऊन काकांना सांगितलं की उद्या मी स्वतः घरी येते, रक्त तपासते, मग औषध ठरवू. काकांनी मान डोलावली. पिशवी उचलता उचलता म्हणाले, "आवशीद तर घरातच हाय की. माझ्यातलंच थोडं टोचतो आजच्याला."

"नको काका. उद्यापर्यंत काही द्यायचं नाही."

"बरं बरं," म्हणत ते गेले. त्या बरं बरंवर माझा फारसा विश्वास बसला नाही.

दोनेक तासांनी टेबल आवरायला घेतलं, तर बाटलीला मुंग्या लागल्या होत्या. लघवीला मुंग्या लागल्या की साखर आहे, असं गावाकडं पूर्वीपासून म्हणतात. आधी मला बरंच वाटलं, आणखी एक पुरावा मिळाला म्हणून. मग नीट पाहिलं. ट्रेमध्ये लघवीचे दोन थेंब सांडले होते, तिकडं एकही मुंगी नव्हती. सगळ्या मुंग्या झाकणाखाली, बाटलीच्या आट्यांमध्ये घुसल्या होत्या. मी झाकण काढून आट्यांवर बोट फिरवलं. चिकट होतं. नाकाजवळ नेलं. मध.

कापसाच्या बोळ्यानं ती चिकटाई टिपून घोटभर पाण्यात कालवली आणि नवीन पट्टी बुडवली. तोच चौकोन, तोच तपकिरी रंग. मधात ग्लुकोज असतं, आणि पट्टी ग्लुकोज शोधते. ते कुठून आलं हे तिला कळत नाही. मधाचा रंग आणि लघवीचा रंग साधारण एकच, त्यामुळे घरच्या त्या मधाच्या बाटलीत तळाशी उरलेला मध काकांना दिसला नव्हता आणि मलाही नाही.

आणि काका तर स्वतःचं इन्सुलिन टोचतो म्हणत गेले होते. साखर नॉर्मल असलेल्या कुत्रीला माणसाचं इन्सुलिन टोचलं तर तिची साखर एकदम खाली जाते. आधी ती थरथरते, मग फिट येते, मग काही खरं नाही.

काकांना फोन लावला. आउट ऑफ रेंज. पुन्हा लावला, तेच. सरांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "ग्लुकोमीटर घे, आइस बॉक्स घे. पोचल्यावर फोन कर."

नसरापूर, वेल्हे करत पासली गाठेपर्यंत साडेचार वाजले. वाटेत दोन्हीकडं भात पोटरीला आलेलं होतं, पण माझं लक्ष फक्त घड्याळाकडं. अंगणात पाऊल टाकलं तर ठकी शेपटी हलवत सामोरी आली. ओट्यावर काका तोंड पाडून बसलेले. त्यांच्या शेजारी हौसामावशी, त्यांच्या पत्नी, आणि मावशींच्या ओच्यात इन्सुलिनचा डबा.

"ह्ये आल्यापास्नं सुई मागत्यात," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, डॉक्टरीणबाई उद्या यायच्यात नव्हं? मग डबा न्हाई मिळायचा."

मी ओट्यावर बसकणच मारली. मावशींनी पाणी दिलं ते एका दमात प्यायले.

ठकीच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचली. रक्ताचा एक थेंब पुरतो. मीटरवर आकडा आला, अगदी नॉर्मल.

"मंग मुतती कशापायी सारखी?" काकांनी विचारलं.

"मावशी, ही पाणी किती पिते?"

"पयल्याइतकंच की. पानी ह्ये पित्यात लई. ठकी नुसती घडीघडीला बसती, चार थेंब टाकती आन उठती."

म्हणजे क्लिनिकमध्ये मी काकांची हिस्टरी लिहून घेतली होती, ठकीची नाही.

आता ताजी लघवी हवी होती. मावशींनी एक पळी उकळून, वाळवून दिली. काकांनी ती काठीला बांधली. ठकी बांधाकडं निघाली, मागून आम्ही दोघं. ती बसली, काकांनी काठी पुढं सरकवली. ठकीनं मागं वळून पाहिलं आणि उठून चालायला लागली. पुढच्या बांधावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती बसलीच नाही, आमच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"तुमी दोगंबी घरात जा," मावशी म्हणाल्या. "कुनी बगत आसंल तर बाईमानूस कसं बसंल?"

त्यांनी काठीची पळी सोडून घेतली, विळा घेतला आणि ठकीपासून हातभर अंतरावर गवत कापत बसल्या. आम्ही दाराआडून पाहत होतो. दहा मिनिटांनी त्या सावकाश चालत आल्या. पळीत दोन चमचे लघवी, एक थेंबही न सांडलेली.

ती मी कंपनीच्या सीलबंद, निर्जंतुक बाटलीत ओतली, नाव, गाव, वेळ लिहिली आणि बर्फात ठेवली. लघवी उन्हात राहिली की तिच्यातले जंतू वाढतात आणि पेशी फुटतात, मग मायक्रोस्कोपखाली काय दिसेल ते सांगता येत नाही. परत येऊन त्याच संध्याकाळी स्लाइड पाहिली. पू-पेशी आणि जंतू भरपूर, साखर शून्य. मूत्राशयाला इन्फेक्शन झालेलं होतं. थोडं सॅम्पल पुण्याच्या लॅबला पाठवलं, त्यांच्या रिपोर्टप्रमाणे गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत ठकी पूर्वीसारखी हुंदडायला लागली. तिच्या गोळ्या डब्यात ठेवायचं आणि वेळेवर द्यायचं काम मावशींनी काकांकडं जाऊ दिलं नाही.

सरांनी ही केस मला रजिस्टरमध्ये लिहायला लावली, पहिल्या निदानासकट. आता सॅम्पलची बाटली आम्हीच देतो. कुणी घरची आणली तर तिच्यात आधी काय होतं हे विचारतो. लोक कधीकधी दुखावतात, तरी विचारतो. पट्टीनं त्या दिवशी साखर बरोबर सांगितली होती. ती कुणाची, हे शोधायचं काम माझं होतं.