सांधेवाल्याची डावी बाहुली

“अनफिट,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

समोर गोमा उभा होता. कर्जत स्टेशनचा सांधेवाला, म्हणजे सांधे बदलून गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणारा माणूस. नोकरी गेली की राहती खोली जाणार होती, आणि पोशीरला, आपल्या गावी, परतून कसायला त्याची जमीन नव्हती.

मी तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. साहेब रेल्वेचे मोठे डॉक्टर. वर्षातून एकदा स्वतंत्र डब्यातून, खानसाम्यासह तपासणीला येत. गोमाच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजवीच्या दुप्पट दिसत होती. साहेबांनी रजिस्टरात लिहिलं : डायलेटेशन. मेंदूत गाठीचा संशय.

डायलेटेशन म्हणजे शरीरातलं एखादं तोंड रुंदावणं. बाळंतपणात गर्भाशयाचं तोंड उघडतं, तेही डायलेटेशन. बाहुली हेसुद्धा एक भोकच, त्यातून उजेड आत जातो. ते मोठं झालं, एवढंच हा शब्द सांगतो. का झालं, हे सांगत नाही.

“डोकं दुखतं का रे?” मी विचारलं.

“नाय जी. जवळचं जरा धुरकट दिसतंय. सकाळपास्नं.”

त्याच्या बोटांवर ताजे ओरखडे होते. “हे कशानं?”

“सोमवार हाय न्हवं? शंकराला धोतऱ्याची बोंडं तोडली.”

“आणि डोळा चोळलास?”

“खाजला तं चोळणारच की!”

धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली फाकते. आम्हीही तपासताना तशाच झाडाचं औषध घालतो. फक्त बाटलीवर लॅटिन नाव असतं.

साहेब हसले. “वैद्यबुवा, आता निदान शंकराला विचारून करायचं का?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी स्टेशनामागच्या धोतऱ्याचं एक बोंड चिरडलं, रस पाण्यात कालवला आणि एक थेंब स्वतःच्या उजव्या डोळ्यात घातला. कोणी असं करू नये. साहेबांचं जेवण दोन तास चाले. पुडिंग आलं तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी माझा डोळा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“माझ्या नावापुढेही अनफिट लिहा,” मी म्हणालो.

साहेबांनी पुडिंगची बशी बाजूला सारली. “आठ दिवस रजा द्या त्याला. बाहुली उतरली तर कामावर घ्या.”

सहाव्या दिवशी उतरली. गोमा कामावर गेला. मला मात्र तोवर बाटल्यांवरची अक्षरं कंपाउंडरकडून वाचून घ्यावी लागली.

मोठा शब्द सापडला की डॉक्टर चौकशी थांबवतो. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी.