कुंपणापलीकडचा तास

लॉकडाउनमध्ये, परदेशातल्या पॉइंट कुक या उपनगरात, आमच्या घरामागे, फळ्यांच्या कुंपणापलीकडे, शेजारचे एक गोरे शिक्षक अंगणात खुर्ची टाकून बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवायचे. मांडीवर लॅपटॉप, पायात थंडीतही चपला. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे; कधीकधी अख्खा मग चहा संपायचा. उत्तर आवडलं तर एवढंच म्हणायचे, "लिहून घ्या."

मी नववीत शाळा सोडलेली. त्यांचा तास चुकू नये म्हणून मी वाळलेले कपडे पुन्हा ओले करून कुंपणाच्या निखळलेल्या फळीजवळच्या दोरीवर घालायचे. नवरा म्हणायचा, "अगं, किती धुशील? विरतील ना!"

एकदा सरांनी विचारलं, "ज्याला मत देता येत नाही, त्याचं कोण ऐकतं?"  सर त्या फळीकडे, माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

मी बादली तिथेच टाकून आत पळाले. चोरून ऐकते म्हणून तक्रार केली तर? आमचा व्हिसा तात्पुरता. 

दुसऱ्या दिवशी बादली आणायला गेले, तर सरांची खुर्ची कुंपणाला अगदी खेटून. "कालचा प्रश्न राहिलाय," ते मुलांना म्हणाले आणि गप्प बसले. चहा संपला तरी गप्पच.

शेवटी मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, मला इथे मत नाही. पण तुम्ही काल विचारलंत, आणि आज थांबलात."

सर लॅपटॉपकडे वळले.

"लिहून घ्या," म्हणाले.