घरमालकीणबाई आणि ‘विसावा’

परक्या मुलखात मला माणसात आणलं ते आमच्या नागपूरच्या घरमालकीणबाईंनी, हे आधीच लिहून ठेवते; कारण पुढं त्यांची थोडी थट्टा येणार आहे आणि ती वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये. समोर आलेल्या कुठल्याही वस्तूला ‘छान’ म्हणायला बंदी घालणारी दुसरी बाई उभ्या विदर्भात नसावी. शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, पण शाळा सुटली तरी त्यांचा तास काही सुटत नसे. जरीपटक्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगासमोर दोन पावलं मागं सरायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि संत्रेवाल्याला सांगायच्या, “मांडणी चांगली आहे बापा, पण सगळा उजेड वरच्या रांगेवर. खालचे काहून लपवले?” तो बिचारा म्हणे, “मॅडम, घ्यायचे हाय का पेपर तपासायचा हाय?” सीताबर्डीच्या भर चौकात सिनेमाचं मोठं पोस्टर दिसलं की रिक्षा तिथंच थांबायची. मागं सायकलींच्या घंट्या वाजत राहायच्या आणि बाई बोट वर करून म्हणायच्या, “नाकाची सावली इकडे, मानेची तिकडे. किती सूर्य आहेत वं या हिरोच्या गावात?” शेजारच्या मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो तिच्या आईनं मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवला, तर तो आडवा-उभा फिरवून त्या म्हणाल्या, “या पोरापेक्षा बाजूची फुलदाणी जास्त धीरानं उभी आहे.” मुलीची आई महिनाभर बोलली नाही. मुलगी मात्र तोंडावर पदर धरून हसत होती.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले तेव्हा नुकतं लग्न झालेलं. माहेर साताऱ्याकडचं, नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर. शाळा पाचवीतच सुटलेली, कारण धाकटी भावंडं सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. ही गोष्ट मी अंगावरच्या डागासारखी लपवायची. कुणी शिकलेलं माणूस समोर आलं की मला हटकून चुलीवरचं दूध आठवायचं आणि मी आत पळायची. बाईंनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं असणार, पण विचारलं कधी नाही. एक दिवस वर आल्या, भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडर काढलं आणि उलटं टांगलं. “आता देवी आहे हे विसर. काय दिसून राहिलं ते सांग.” मी म्हणाले, “लाल रंग आहे. मध्ये खूप लाल, कडेला निळा.” “मग नजर पहिली कुठं जाते? तिथून कुठं सरकते? कोण नेते तिले?” मी सांगत गेले. शेवटी न राहवून म्हणाले, “छान आहे.” बाईंनी कपाळाला हात लावला. “आवडलं-नावडलं हे सुपारीसारखं असते वं. जेवण झाल्यावर तोंडात टाकायची. आधीच टाकली तर भाजीची चव काय कळेल तुले?” पाळीवरून आलेला नवरा दारातच थबकला. “आपण भाड्याच्या घरात राहतो ते ठीक,” तो हळूच म्हणाला, “देवीला तरी सरळ राहू दे.” पण बाईंनी आठवडाभर हात लावू दिला नाही.

मग हा रोजचाच उद्योग झाला. आधी दिसतं ते, मग ते कसं रचलंय ते, मग ते काय म्हणतंय ते, आणि सुपारी सगळ्यात शेवटी. साबणाचं वेष्टन, लग्नपत्रिकेवरचा गणपती, न्हाव्याच्या दुकानातला काश्मीरचा देखावा, काही सुटलं नाही. सांगितलेलं त्या मला लिहायलाही लावायच्या, आणि माझी अडखळती अक्षरं पाहून एवढंच म्हणायच्या, “ओळ तिरपी झाली तरी चालते, नजर तिरपी नको.”

त्या वर्षी चित्रकलेच्या शिक्षकांनी सीताबर्डीवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि बाई मला घेऊन गेल्या. त्यांचं चित्र मधल्या भिंतीवर होतं. वेताच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी, त्यांची आई. खाली चिठ्ठी: ‘विसावा’. हे चित्र मीही पहिल्यांदाच पाहत होते. घरी ते नेहमी भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं असायचं. भोवती शिक्षकमंडळी जमली होती. कुणी म्हणालं अप्रतिम, कुणी म्हणालं भावपूर्ण. बाई चिडत चालल्या होत्या, त्यांच्या नाकपुड्यांवरून मला कळत होतं. एकानं मला सहज विचारलं, “आपण कोणत्या कॉलेजच्या?” आणि माझे कान तापले. तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं. “सुपाऱ्या पुरे झाल्या. आता हिले, माह्या भाडेकरणीले, सांगू द्या.”

एवढ्या शिकलेल्या माणसांत मला काही सुचेना. म्हणून जे रोज करायचे तेच केलं. “खुर्ची आहे,” मी म्हणाले. “आजी खुर्चीच्या कडेवर बसल्यात. पाठ टेकलेली नाही. पदर कमरेला खोचलेला आहे. एका पायात चप्पल आहे, दुसरा पाय चप्पल शोधतोय. नजर आपल्याकडं नाही, दाराकडं आहे.” इथंच थांबायला हवं होतं. पण पुढची पायरी तोंडातून निघून गेली. “त्यांना उठायचंय. कुणीतरी बसवून ठेवलंय त्यांना.”

बाई चित्राकडं पाहत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणी काढलं होतं. मग मागून एक मास्तर पुटपुटले, “गेली आता हिची खोली.” दोघे-तिघे हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जिनं मला हात धरून बघायला शिकवलं, तिला मी चारचौघांत उघडं पाडलं होतं. आणि काय उघडं केलं हेही मला नीट कळलेलं नव्हतं.

पुढचे काही दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या नळाशी. “पाणी आलं म्हणा वरच्यांना,” असं नळाला सांगून आत जायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, दुसरी खोली बघा. तो म्हणाला, “माफी माग.” पण कशाची मागू? दिसलं ते सांगितल्याची मागितली तर त्या आणखी चिडल्या असत्या. मी डबे आवरायला घेतले होते, तेव्हा त्या वर आल्या आणि ट्रंकेवर बसल्या.

“माय जन्मभर लोकाइच्या घरी राबली,” त्या म्हणाल्या. “मले नोकरी लागली तसं मी तिचं काम बंद केलं. म्हटलं, बस आता खुर्चीत. तिले बसणंच जमेना. चित्रासाठी मी रोज बसवायची. माय म्हणे, सोड ना वं पोरी. एक दिवस उठली अन् भावाकडे कामठीले निघून गेली. तिथंच वारली. रागातच गेली ते माह्यावर.” मग त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. “अन् मी नाव दिलं विसावा.” उठता उठता त्यांनी विचारलं, “मग आता काय करू? उठवू का तिले?”

त्यांनी खरंच उठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवं चित्र काढलं आणि मला खाली बोलावलं. खुर्ची रिकामी, आणि म्हातारी पाठमोरी, दारातून अंगणात निघालेली. बाई माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. “सांग वं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा होता. मला सगळं दिसत होतं. पण हॉलमधलं ते हसणं परत कानात भरलं. “चूल पेटती ठेवून आलेय,” असं म्हणून मी जिना चढून पळाले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पुढं नवऱ्याचं कारखान्यातलं काम गेलं, आम्ही देशावर परतलो. स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात संत्री दिली आणि खाली वाकून पिशवीची गाठ नीट केली, तेवढंच.

आता मी चार ओळी लिहिते, लोक वाचतात. पण त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. बाई आहेत अजून, त्याच घरात आहेत. एकदा मी जाणार आहे. त्या दुसऱ्या चित्रासमोर उभी राहून वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करणार आहे. आजींचे पाय काढताना साफ चुकलेत, हे तोंडावर सांगणार आहे. आणि मग सांगणार आहे की बाई, आईच्या खांद्यांकडं बघा. तुम्हीच काढलेत ते. सैल आहेत, एक हात झुलतोय. अंगणात वाळत घातलेलं काही उचलायला निघालेल्या बाईचे खांदे आहेत ते. रागावून गेलेल्या माणसाचे असे नसतात.