गल्ल्यावरच्या बाईंचा 'डक'

सर्वांना सारखाच म्हटलेला लाडाचा शब्द खरा असतो का, हा माझा प्रश्न होता. इंग्लंडात, नॉटिंगहॅममधील आमच्या घराजवळच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला 'डक' म्हणतात. डक म्हणजे बदक. इकडे तो शब्द 'बाळा'सारखा वापरतात. दाढीवाल्या पोस्टमनलाही त्या डकच म्हणतात.

यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी दुधाची एकच बाटली पुढे ठेवली.

"एकच, डक? साहेब कुठेत?"

"वारले."

बाई रांग थांबवून गल्ल्यामागून बाहेर आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"इतकी वर्षं नुसतं डक म्हणतेय. नाव काय गं तुझं?"

"सुमती."

"सूमॅटी. चुकलं ना? पुन्हा सांग."

घरी आता मला या नावाने हाक मारणारे कोणी नाही.

'खरा असतो' हे माझे उत्तर एकाच बाईंवर आधारलेले आहे. वाचकांनी ते आपापल्या दुकानात स्वतः पडताळून पाहावे.