फोटो नसलेलं स्थळ

शांती नगरात एका झेरॉक्सच्या दुकानात मी कामाला होतो आणि भाईंदर पूर्वेला एका मावशींकडे राहायला. नववीतून शाळा सोडून परभणीकडून आलेल्या मला त्यांनी घरात घेतलं, वर कधी ‘पाहुणा’ म्हणाल्या नाहीत, ‘आमचा’ म्हणाल्या. त्यामुळे आपल्या हातून या घरात काही बिघडू नये, ही धास्ती मला चोवीस तास.

माझ्याकडे जुना मोबाईल होता. त्यात वॅप चालायचं, म्हणजे नुसत्या अक्षरांची छोटी पानं उघडायची. खरी वेबसाईट उघडली की फोन धापा टाकून बंद. दुकानात प्रोजेक्ट छापायला येणाऱ्या एका इंजिनीअरिंगवाल्याने तोड सांगितली. कुणीतरी सगळ्यांसाठी फुकट एक प्रॉक्सी, म्हणजे मधली साईट, ठेवली होती. तिला साईटचा पत्ता द्यायचा. ती स्वतः जाऊन साईट उघडणार, चित्रं-रंग सोलून टाकणार आणि मजकूर तेवढा तुकड्यातुकड्यांनी पाठवणार. फोटोच्या जागी कंसात ‘इमेज’. मला वाटायचं, परदेशात कुणी भला माणूस बसून माझ्यासाठी वाचून दाखवतोय. पान संपलं की मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करायचो.

मावशींच्या मुलीचं, म्हणजे ताईचं, लग्न जमत नव्हतं. त्यांच्या ज्ञातीच्या मंडळाने स्थळांची साईट काढली होती. पण सायबर कॅफेत बसून स्थळं बघायला ताई तयार नव्हती. “अर्धी बिल्डिंग मान वाकडी करून बघते.” मग माझा फोन कामाला लागला.

बाकीच्यांनी पगार, फ्लॅट, रंग गोरा असं लिहिलेलं. एकाने लिहिलं होतं, ‘मला डाळ-भात येतो. राग आला की मी भांडी घासतो.’ ताई एकटीच हसत बसली.

“याला बोलवा,” ती म्हणाली.

“अगं, पण दिसतो कसा?”

“इमेज.”

“म्हणजे कसा?”

“म्हणजे आहे, आई. फोटो आहे. आपल्याला दिसत नाही एवढंच.”

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फोटो मीच खिशात घालून फिरतोय.

रविवारी चारची वेळ ठरली. पावणेचारला बेल वाजली. दारात उंच, गोरा, टाय लावलेला माणूस, हातात काळी बॅग. बूट काढून कोपऱ्यात नीट लावले त्याने. मावशी तिथेच विरघळल्या. पंख्याखाली बसवून पोह्यांची डिश दिली.

“आई नाही आल्या?” मावशींनी विचारलं.

“आई गावी असते,” तो गोंधळून म्हणाला. मग खाकरून, “घरात माणसं किती? पाणी रोज येतं की दिवसाआड?”

मावशी आत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, “संसारी आहे हो. पहिलं पाणी विचारलं!” आणि दुसरी डिश घेऊन गेल्या.

तेवढ्यात पुन्हा बेल. दारात एक बुटका, टक्कल पडू लागलेला माणूस, सोबत त्याची आई. “आम्ही स्थळासाठी…”

टायवाल्याचा घास हातातच राहिला. “मी वॉटर फिल्टरच्या डेमोला आलोय. मॅडम, खरंच, मला वाटलं तुमच्याकडे सगळ्यांनाच पोहे देतात.”

आता ताईचं स्थळ मोडणार, आणि रात्रीपर्यंत माझी पिशवी भरलेली. मी मुलाच्या आईपुढे गेलो. “काकू, चूक माझी. माझ्या फोनवर फोटो दिसत नाहीत…”

“म्हणजे फोटो न बघताच बोलावलंत?” मुलाने विचारलं.

ताई साडीबिडी न सावरता बाहेर आली. “लिहिलेलं वाचून बोलावलं.”

तो खाली बसला. “आतापर्यंत सगळ्यांनी फोटो बघितला. वाचलं कुणी नव्हतं.”

“पोहे संपलेत,” ताई म्हणाली.

“कांदे कुठेत? मी चिरतो.”

“अरे, तू पाहुणा आहेस!” त्याची आई ओरडली. पण तो स्वयंपाकघरात पोचला होता, आणि ताई त्याच्या मागे. मावशी खुर्चीवर टेकल्या, पदराने तोंड पुसलं. आतून दोघांचं हसू ऐकू आलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “उभा काय राहिलास? वाण्याकडनं पेढे आण. आणि यांचा तो फिल्टर काय असतो, तोही बघून घेऊ.”