बंदराच्या संघाचा गोलकीपर

मी ओहायोत डब्लिनला राहते आणि लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते. गुडघा बदललेले, पाय मोडलेले, पक्षाघातातून सावरणारे असे माझे पेशंट. पहिल्याच भेटीत मी प्रत्येकाला विचारते, बरं झाल्यावर काय करायचंय? कुणाला नातीच्या ग्रॅज्युएशनला जायचं असतं, कुणाला पुन्हा ड्राइव्ह करायचं असतं. कोलंबसमधले सोमालियाचे एक उंच, वाळके गृहस्थ म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर चढायचंय. तिथे लिफ्ट नाही."

"कुणाकडे?"

त्यांची मुलगी दुभाष्याचं काम करत होती. तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "एका माणसाकडे. आमच्यातलं कुणी त्याच्याशी बोलत नाही."

त्यांच्याकडे काकांना 'अदीर' म्हणतात. मीही त्यांना तसंच म्हणू लागले. त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं, तरुणपणी गावातल्या थिएटरात सिनेमे पाहून शिकलेलं. त्यामुळे मुलगी कामावर गेली की आमचं हिंदीतच चाले. गुडघा वाकवताना त्यांना फार दुखायचं. दुखणं विसरायला ते बोलत, आणि बोलायचा विषय एकच, त्यांचा फुटबॉल क्लब.

तो क्लब बंदरावरच्या हमालांनी काढला होता. गोऱ्या साहेबांच्या मैदानात त्यांना पाय ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून ते ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत खेळत. अदीरचे वडील त्या पहिल्या संघात होते. पुढे देश स्वतंत्र झाला, तेच मैदान त्यांना मिळालं. मग लष्करी राजवट आली. तिने क्लबाचं नाव बदललं आणि त्याला एका सरकारी खात्याच्या दावणीला बांधलं. "नाव कागदावर बदललं," अदीर म्हणाले. "लोक बंदराचा संघच म्हणायचे." त्या काळात ते कॅप्टन होते. त्यांचा गोलकीपर त्यांचा शेजारी, लहानपणापासूनचा मित्र. आणि त्यांना सगळ्यांत जास्त घाम फोडणारा खेळाडू होता लष्कराच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. मैदानाबाहेर मात्र हे तिघे एकाच टपरीवर चहा प्यायचे.

मग यादवी युद्ध पेटलं. कोण कुठल्या कुळाचा यावर माणसं मारली जाऊ लागली. फॉरवर्ड एका बाजूचा, हे दोघे दुसऱ्या बाजूचे. गोलकीपरच्या धाकट्या भावाला घरातून ओढून नेलं आणि मारलं. नेणाऱ्यांत फॉरवर्डच्या गल्लीतली पोरं होती. फॉरवर्ड स्वतः त्यांत होता की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. छावण्यांमधून वर्षं काढत तिघेही शेवटी कोलंबसला पोचले. एकाच शहरात राहिले, पण मशिदी वेगळ्या, दुकानं वेगळी.

हे सगळं मी कामठीला बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबाही तरुणपणी आमच्या वस्तीच्या संघातून खेळलेले. बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गोलपोस्ट उभारले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "त्यांचं मैदान आहे का अजून?"

मी अदीरना विचारलं. ते म्हणाले, "आधी तिथे तोफा आल्या, मग निर्वासितांचे तंबू. आता बाजार भरतो म्हणतात." मी ते बाबांना कळवलं.

जिना चढायची घाई का, ते मला नंतर कळलं. गोलकीपर शेवटच्या आजारात होते. कॅन्सर पसरला होता. "गोलकीपर बोलावणार नाही आणि फॉरवर्ड आपणहून येणार नाही," अदीर म्हणाले. "कॅप्टनलाच जावं लागेल."

फोनवर हे बोलता येणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी मुलीशी बोलले, सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. प्रत्येक मजल्यावर अदीर कठड्याला धरून थांबत. मी एक पायरी मागे, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. वर पोचलो तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

दार फॉरवर्डनेच उघडलं. ठेंगणा, टक्कल पडलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने आधी अदीरकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

"या पायाने चढलास?"

"तू खाली येत नाहीस म्हणून."

आत चहा झाला, अदीरनी गोलकीपरची अवस्था सांगितली. मुलगी हळू आवाजात मला अर्थ सांगत होती. फॉरवर्ड म्हणाला, "मी येतो. पण त्याने मला बाहेर काढलं तर?"

"तर मीही तुझ्याबरोबर बाहेर येईन," अदीर म्हणाले.

तिथूनच आम्ही गेलो. गोलकीपरच्या घरात बायका होत्या, त्यांनी फॉरवर्डला ओळखलं आणि त्या बाजूला सरकल्या. कुणी अडवलं नाही. पलंगावर गोलकीपर सुकून गेले होते, हात मात्र अजून मोठे होते, पांघरुणावर पसरलेले. त्यांनी फॉरवर्डकडे पाहिलं.

"तुझे केस कुठे गेले?"

कुणी हसलं नाही. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "माझ्या भावाला नेलं तेव्हा तू कुठे होतास?"

फॉरवर्ड उभाच होता. "घरात. दार लावून बसलो होतो. आमच्या गल्लीतून नेताना त्याची हाक ऐकू आली. भीती वाटली."

माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी हे मला सांगताना अडखळली. गोलकीपरने डोळे मिटले. मला वाटलं, आता हे जायला सांगतील. त्यांच्या बायकोने तोंडावर ओढणी घेतली होती. अदीर एका हाताने वॉकर धरून, दुसऱ्या हाताने फॉरवर्डचा दंड धरून उभे.

"बस," गोलकीपर म्हणाले.

फॉरवर्ड खुर्चीवर बसला. त्या दिवशी ते याहून जास्त बोलले नाहीत. पण तो पुन्हा आला, आणि मग येतच राहिला. माफ केलं, असं गोलकीपर कधी म्हणाले नाहीत. अदीरनी मला हे दोनदा सांगितलं, माझा गैरसमज होऊ नये म्हणून.

पानगळ संपता संपता गोलकीपर गेले. दफनाला मी गेले होते. बायका लांब एका बाजूला उभ्या होत्या, मीही त्यांच्यात होते. थंडी बोचरी होती. तरुण पोरांनी देह खाली उतरवला. म्हाताऱ्यांनी एकेक करून माती टाकली. फॉरवर्ड सगळ्यांत मागे उभा होता. गोलकीपरचा मोठा मुलगा रांगेतून मागे गेला, त्याच्यासमोर थांबला आणि हाताने पुढे चला अशी खूण केली. फॉरवर्डने वाकून माती उचलली. वाकायला त्याला वेळ लागला, सरळ व्हायला त्याहून जास्त.

नंतर गाड्यांपाशी गोलकीपरची नात त्याच्याजवळ गेली. इथेच जन्मलेली, इंग्रजीच बोलणारी, म्हणून अदीरची मुलगी मध्ये दुभाषी झाली. "तुम्ही आजोबांच्या टीममध्ये होता?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी त्यांच्या विरुद्ध खेळायचो."

"मग कोण जिंकायचं?"

त्याने अदीरकडे पाहिलं. अदीर काठीवर टेकून शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "कधी ते, कधी आम्ही." मग त्यांनी फॉरवर्डच्या कोटाची बाही धरली आणि त्याला आपल्या मुलीच्या गाडीकडे घेऊन गेले.